अपस्मारातील औषधमात्रेचा निर्णय

ताप उतरला किंवा नाही हे तापमापक सांगतो, रक्तदाब आटोक्यात आला किंवा नाही हे दंडाला पट्टा बांधून पाहता येते, आणि मधुमेहाच्या गोळीची मात्रा पुरेशी होते की नाही याची रुजुवात रक्तातील साखरेच्या आकड्याशी घालता येते. परंतु अपस्माराच्या रोग्यास दिलेले औषध पुरेसे पडत आहे की काय, या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी तो विचारावा त्या दिवशी मिळत नाही. या औषधाकडून अपेक्षा असते ती एक गोष्ट न घडण्याची. आणि ज्या मनुष्यास वर्षातून तीन-चार वेळाच फिट येते त्याला गेल्या महिन्यात ती आली नाही, एवढ्यावरून औषधाचा गुण आला असे म्हणता येत नाही आणि आला नाही असेही म्हणता येत नाही. मेंदूचा विद्युत्-आलेख, ज्याला सर्वजण ईईजी म्हणतात, तोही या कामी फारसा उपयोगी पडत नाही, कारण आलेखात दोष दिसत असूनही वर्षानुवर्षे फिट न येणारे रोगी असतात आणि आलेख निर्दोष असताना महिन्याच्या महिन्याला पडणारेही असतात. तेव्हा अपस्मारातील औषधमात्रेचा निर्णय हा आरंभी अनुभवसिद्ध अंदाजाचा, पुढे दीर्घ प्रतीक्षेचा, आणि पुष्कळदा रोग्याच्या रोजच्या सुखदुःखाशी घालावयाच्या मेळाचा विषय ठरतो.

जगात सुमारे पाच कोटी लोक या रोगाने पीडित आहेत, त्यांपैकी बहुसंख्य आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व योग्य उपचार झाल्यास त्यांतील शेकडा सत्तरांपर्यंत लोक फिटांपासून मुक्त होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. योग्य उपचार या दोन शब्दांत औषधाच्या नावाइतकाच त्याच्या मात्रेचाही अंतर्भाव होतो. गार्डिनल (फेनोबार्बिटल), एप्टॉइन (फेनिटॉइन), टेग्रिटॉल (कार्बामाझेपीन) ही नावे आपल्याकडे ज्या घरांत हा रोग आहे तेथे मुलांनासुद्धा पाठ असतात; पण ती गोळी अर्धीच का, दोनच का, सकाळी एक आणि रात्री दीड का, याचे कारण त्या घरांपैकी किती घरांना कोणी समजावून सांगितले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या मात्राशास्त्राचा इतिहास १८५७ सालापासून मोजण्याची वहिवाट आहे. त्या वर्षी लंडनच्या एका वैद्यकसभेत व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी, मासिक पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या स्त्रियांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड देतो व त्याने गुण येतो, असे सांगितले. त्यामागची त्यांची उपपत्ती आज टिकत नाही, औषध मात्र खरे निघाले आणि पुढील अर्धशतकाहून अधिक काळ तेच अपस्माराचे मुख्य औषध होऊन बसले. ब्रोमाइड शरीरातून अत्यंत सावकाश बाहेर पडते. निम्मे प्रमाण उतरण्यास त्याला सुमारे बारा दिवस लागतात. परिणामी पहिल्या आठवड्यात सोसलेली रोजची मात्रा दुसऱ्या महिन्यात तीच राहूनही शरीरात साचत जाऊन अतिरिक्त होई, आणि तोंडावर पुटकुळ्या उठलेले, सुस्त, भ्रमिष्टासारखे बोलणारे रोगी आश्रमाश्रमांतून दिसत. मात्रा तीच असूनही तिचा परिणाम काळाबरोबर पालटतो, हा धडा वैद्यकाला ब्रोमाइडने दिला. तो पुरता आकलन होण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

१९१२ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण वैद्याने झोपेचे औषध म्हणून फेनोबार्बिटल दिले असता रोग्यांच्या फिटा कमी झाल्याचे पाहिले. १९३८ साली बोस्टनमध्ये ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेच्या धक्क्याने आकडी आणून ती कोणत्या द्रव्याने अडते याची पद्धतशीर परीक्षा केली आणि त्यातून फेनिटॉइन हे औषध पुढे आले. येथवर, गुंगी आणल्याखेरीज आकडी थांबत नाही असा सार्वत्रिक समज होता. झोप न आणता फिट थांबविणारे औषध निघाल्यामुळे तो खोटा ठरला, आणि मात्रेचा विचारही पालटला, कारण रोगी किती पेंगतो हे आता मात्रेचे गमक राहिले नाही. बासेल येथे १९५३ मध्ये तयार झालेले कार्बामाझेपीन, १८८२ पासून केवळ द्रावक म्हणून ठाऊक असताना १९६२ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे योगायोगाने ज्याचा गुण उमगला ते व्हॅल्प्रोएट, आणि पुढे लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरासिटाम इत्यादी अलीकडची औषधे यांचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

कोणत्याही औषधाची मात्रा ठरविताना पहिली गोष्ट पाहिली जाते ती म्हणजे त्याचा अर्धायुकाल, अर्थात रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ. रोज ठराविक मात्रा घेत राहिल्यास असे सुमारे पाच अर्धायुकाल लोटल्यानंतर आवक आणि जावक सारखी होऊन रक्तातील प्रमाण स्थिरावते. लेव्हेटिरासिटामचा अर्धायुकाल सहा ते आठ तासांचा असल्यामुळे ते दोन दिवसांत स्थिर होते. लॅमोट्रिजीन एकटे दिले असता सुमारे आठवडा घेते. फेनोबार्बिटलचा अर्धायुकाल तीन-चार दिवसांचा, त्यामुळे त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. ज्याने सोमवारी फेनोबार्बिटल सुरू केले आणि शुक्रवारी फिट आली म्हणून शनिवारी मात्रा दुप्पट करून घेतली, त्याने पहिल्या मात्रेचा परिणाम पाहिलाच नाही. एका औषधाने अंग धरण्यापूर्वीच त्याला निरुपयोगी ठरविण्याची ही घाई आपल्याकडे फार दिसते, आणि तिच्यामागे बहुधा रोग्याच्या नातलगांची भीती असते, जी समजण्याजोगी आहे. परंतु वैद्याने त्या भीतीला औषध वाढवून उत्तर देण्यापेक्षा तारखेनिशी समजूत घालून उत्तर द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

थोड्या मात्रेने आरंभ करून पायरीपायरीने वाढवीत न्यावे, हा सर्वसाधारण नियम. त्याची कारणे मात्र औषधागणिक निरनिराळी आहेत. कार्बामाझेपीन हे यकृतातील ज्या एंझाइमांनी नष्ट होते त्याच एंझाइमांचे उत्पादन वाढविते. म्हणजे आपला नाश करणाऱ्यांचे बळ ते स्वतःच वाढवीत राहते. पहिल्या मात्रेनंतर त्याचा अर्धायुकाल ३० तासांच्या वर असतो, तो तीन ते पाच आठवड्यांत १२ ते १७ तासांवर येतो. म्हणून जी मात्रा महिन्यानंतर अगदी माफक ठरेल तीच पहिल्या दिवशी दिली तर रोग्यास चक्कर येते, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, आणि तो पुन्हा त्या गोळीचे नाव काढीत नाही. लॅमोट्रिजीनची गोष्ट याहून गंभीर आहे. ते घाईने वाढविल्यास अंगावर पुरळ उठण्याचा, आणि क्वचित त्वचा व तोंडातील अस्तर सोलून निघण्याइतका भयंकर विकार होण्याचा धोका वाढतो. एकटे दिल्यास प्रौढाला पहिले दोन आठवडे रोज २५ मिलीग्रॅम आणि पुढील दोन आठवडे ५० मिलीग्रॅम. रोगी आधीपासून व्हॅल्प्रोएट घेत असेल तर पहिले दोन आठवडे २५ मिलीग्रॅम एक दिवसाआड, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजीनचा निचरा मंदावून त्याचा अर्धायुकाल दुपटीहून अधिक होतो. इतकेच नव्हे, तर गावी गेल्यामुळे किंवा दुकानात न मिळाल्यामुळे ही गोळी पाच अर्धायुकालांहून अधिक काळ चुकली असेल, तर जुन्या मात्रेवर एकदम न जाता पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. ही सूचना रोग्याच्या कागदावर ठळक लिहिलेली असावी, पण ती क्वचितच आढळते. लेव्हेटिरासिटामच्या बाबतीत उलट, आरंभीची ५०० मिलीग्रॅम दोन वेळा ही मात्राच पुष्कळांना पुरेशी होते. तेथे सावकाशीचे कारण निराळे. या औषधाने काही लोक चिडचिडे होतात, रागावर त्यांचा ताबा राहत नाही, आणि ही तक्रार रोगी स्वतः सांगत नाही, त्याची पत्नी किंवा आई सांगते. तेव्हा तिला विचारल्याखेरीज मात्रा वाढवू नये.

आरंभानंतर प्रश्न येतो तो कोठे थांबावे हा. या विषयावर स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील क्वान व ब्रॉडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अद्याप पायाभूत मानला जातो. पूर्वी कोणतेही औषध न घेतलेल्या ४७० रोग्यांपैकी शेकडा ४७ जणांच्या फिटा पहिल्याच औषधाने थांबल्या, आणखी शेकडा १३ जणांच्या दुसऱ्या औषधाने, आणि तिसरे औषध एकटे देऊन मुक्त झालेले जेमतेम शेकडा एक भरले. त्याच संशोधकांनी पुढे दाखविले की, ज्यांना गुण आला त्यांतील बहुतेकांना तो माफक मात्रेवरच आला होता. याचा अर्थ असा की, ज्याचा अपस्मार औषधाला वश होणारा आहे तो थोड्याशा औषधाने वश होतो, आणि ज्याचा होणारा नाही त्याच्या मात्रा आभाळाला भिडविल्या तरी हाती यश थोडे आणि ग्लानी, थरथर, विस्मृती मात्र पुष्कळ येते. तरीही माफक मात्रेवर फिट आली म्हणजे ती वाढवून पाहणे हे कर्तव्यच आहे. रोग्यास सोसेल तेथपर्यंत मात्रा न नेताच औषध फसले असा शिक्का मारणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. अशी चार वर्षे चार अर्धवट मात्रांवर गेलेली, तीन-तीन औषधे एकाच चिठ्ठीत आणि एकही पुरत्या मात्रेत नाही अशी, कागदपत्रे घेऊन मोठ्या रुग्णालयांच्या दारी आलेली माणसे पाहिली म्हणजे मन विषण्ण होते. एक औषध, त्याची पुरी मात्रा, तिचा पुरा काळ, आणि त्यानंतरच दुसरे औषध, हा क्रम पाळण्यास खर्च कमी लागतो आणि रोग्याला त्रासही कमी होतो.

मात्रावाढीचे सर्व बिकटपण ज्या एका औषधात एकवटले आहे ते म्हणजे फेनिटॉइन, आणि आपल्याकडे ते स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. बहुतेक औषधांत मात्रा दीडपट केली तर रक्तातील प्रमाणही अदमासे दीडपट होते. फेनिटॉइनचे तसे नाही. ते नष्ट करणारे यकृतातील एंझाइम मर्यादित असतात आणि उपचारास लागणाऱ्या प्रमाणातच त्यांची शक्ती संपत येते. जकातीच्या नाक्यावर तासाला ठराविकच गाड्या तपासून सोडता येत असतील, तर त्या संख्येच्या आतबाहेर थोड्या गाड्या वाढल्यानेसुद्धा जशी मैलभर रांग लागते, तशी येथे औषधाची रांग रक्तात लागते. साठ किलो वजनाच्या सर्वसाधारण प्रौढासाठी क्रमिक पुस्तकांतील सरासरी अंक घेऊन हिशेब मांडला तर असे दिसते की, रोज ३०० मिलीग्रॅम फेनिटॉइन सोडियम घेतल्यास रक्तात दर लीटरला सुमारे ८ मिलीग्रॅम औषध राहील, जे रूढ मर्यादेच्या किंचित खाली आहे. ३५० घेतल्यास सुमारे १३, म्हणजे अगदी योग्य. आणि ४०० घेतल्यास सुमारे २८, म्हणजे उघडउघड विषबाधा. मात्र दुकानात सर्वत्र मिळणारी गोळी १०० मिलीग्रॅमची. तीन गोळ्यांनी भागत नाही म्हणून चौथी लिहून देणे हाताला सोपे वाटते, आणि तीन आठवड्यांनी रोगी भिंत धरून चालत परत येतो. वैद्य त्याला डोके स्थिर ठेवून आपल्या बोटाकडे पाहावयास सांगतो आणि बोट हळूहळू बाजूला नेतो, तेव्हा रोग्याच्या बुबुळांना बारीक झटके बसताना दिसतात. मग फरशीच्या रेषेवरून टाचेला बोट लावीत चालण्यास सांगितले असता तोल जातो. प्रमाण २० च्या पुढे गेले की डोळ्यांचे हे चिन्ह, ३० च्या पुढे तोल जाणे, आणि ४० च्या पुढे गुंगी, असा साधारण अनुक्रम असतो, व ही तपासणी करण्यास हात आणि डोळे यांशिवाय कोणतेही साधन लागत नाही. म्हणून जाणते वैद्य या औषधाची शेवटची पायरी अर्ध्या गोळीची, ५० किंवा २५-३० मिलीग्रॅमचीच ठेवतात.

याच औषधाने १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात एक प्रसंग घडवून आणला. वर्षानुवर्षे एकाच मात्रेवर सुखाने असलेल्या रोग्यांत एकाएकी विषबाधेची लक्षणे दिसू लागली. शोधाअंती कळले ते असे की, फेनिटॉइनच्या कॅपसुलांत भर म्हणून घातले जाणारे कॅल्शियम सल्फेट बदलून त्याजागी दुग्धशर्करा वापरण्यात आली होती. औषधाचे वजन तेच, पण आतड्यातून त्याचे शोषण वाढले, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे त्या थोड्याशा वाढीने रक्तातील प्रमाण भरमसाट चढले. आपल्या देशात एकाच औषधाचे अनेक उत्पादक आहेत आणि एका दुकानात या महिन्यात एकाची तर पुढील महिन्यात दुसऱ्याची पट्टी हाती येते. स्वस्त औषध हे गरिबाच्या हिताचे आहे यात शंका नाही. फक्त ज्याचे फिटांचे दुखणे फेनिटॉइनवर काठाकाठाने सावरलेले आहे, त्याने एकच उत्पादन धरून राहावे आणि बदल झाल्यास तारखेनिशी लिहून ठेवावे. लहान मुलांच्या बाबतीत हेच घरातल्या घरात घडते. फेनिटॉइनचे सिरप हे विरघळलेले औषध नसून तरंगते चूर्ण असते. बाटली नीट न हलविता ओतली तर वरचे पहिले चमचे फिके आणि तळाचे शेवटचे चमचे दाट निघतात. महिन्याच्या आरंभी मुलाला फिट येते आणि महिन्याच्या अखेरीस ते पेंगते, मात्रा मात्र कागदावर एकच असते. त्यातही चमचा कोणता, हा प्रश्न आहेच. स्वयंपाकघरातील चमच्यात पाच मिलीलीटर मावतेच असे नाही, सबब बाटलीबरोबर आलेले माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरणे हाच खात्रीचा मार्ग.

रक्तातील औषधाचे प्रमाण मोजण्याची सोय १९६० नंतरच्या दशकात वाढत गेली व तिने या विषयाला शास्त्राचे रूप दिले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या ठिकाणी ही सेवा दीर्घकाळ चालत आलेली आहे. फेनिटॉइनसाठी दर लीटरला १० ते २०, कार्बामाझेपीनसाठी ४ ते १२, व्हॅल्प्रोएटसाठी ५० ते १०० मिलीग्रॅम अशा मर्यादा प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेल्या असतात. परंतु या मर्यादा पुष्कळ रोग्यांच्या सरासरीतून निघालेल्या आहेत, आणि एकेका व्यक्तीवर त्यांचा हुकूम चालत नाही. ज्याच्या फिटा फेनिटॉइनच्या ७ या प्रमाणावर थांबल्या आहेत त्याचे प्रमाण कमी आले म्हणून मात्रा वाढविणे, किंवा जो २२ वर ठणठणीत आहे त्याची मात्रा कागदावर तांबडी खूण आहे म्हणून उतरविणे, हा कागदाचा उपचार झाला. या चाचणीचा खरा उपयोग निराळा आहे. ज्या वेळी रोगी उत्तम अवस्थेत आहे त्या वेळचे त्याचे प्रमाण नोंदून ठेवावे; तोच त्याचा स्वतःचा मानदंड, आणि पुढे बिघाड झाला, गर्भ राहिला, नवे औषध सुरू झाले किंवा गोळ्या चुकल्याची शंका आली, तर त्याच्याशी तुलना करावी. रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी काढावे. गोळीनंतर दोन तासांनी काढलेल्या नमुन्याची तुलना कशाशीच होत नाही. कुपोषित किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने रक्तातील अल्ब्युमिन घटलेल्या रोग्यात फेनिटॉइनचा एकूण आकडा कमी दिसूनही मोकळे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे औषध भरपूर असू शकते. तेथे त्या आकड्यावर विसंबून मात्रा वाढविणे धोक्याचे असते.

पण रक्ताच्या चाचणीहून अधिक मोलाची आणि बिनखर्चाची अशी एक वस्तू आहे, ती म्हणजे फिटांची नोंदवही. औषधाने काम केले असे केव्हा म्हणावे, याविषयी आंतरराष्ट्रीय अपस्मार-संघाने २०१० साली जो दंडक ठरविला तो असा की, उपचारापूर्वी दोन फिटांमध्ये जे सर्वात मोठे अंतर पडले असेल त्याच्या तिप्पट काळ, किंवा एक वर्ष, यांपैकी जो अधिक असेल तितका काळ फिटेवाचून गेला पाहिजे. ज्याला पूर्वी सहा महिन्यांपर्यंत आपोआप बरे वाटत असे, त्याच्या औषधाचा कौल दीड वर्षाने लागतो. इतक्या काळाचा हिशेब स्मरणावर ठेवता येत नाही. भिंतीवरील पंचांगाच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेला केलेली पेन्सिलीची खूण, शेजारी रात्री जागरण झाले होते की काय, ताप होता की काय, गोळी चुकली होती की काय, एवढे दोन शब्द, आणि शक्य झाल्यास मोबाइलवर टिपलेले त्या फिटेचे चित्रण, यांनी मात्रेचे जेवढे निर्णय बिनचूक होतात तेवढे महागड्या तपासण्यांनी होत नाहीत.

मात्रा घेणारे शरीर कोणाचे, यावर पुढचा सर्व विचार अवलंबून असतो. नवजात बालकाचे यकृत अपक्व असल्याने औषध सावकाश निघते, पण वर्षा-दोन वर्षांचे मूल प्रौढापेक्षा वेगाने औषध संपविते, म्हणून किलोमागे त्याची मात्रा अधिक लागते, आणि वाढत्या वजनाबरोबर ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर चाललेले मूल नकळत अपुऱ्या मात्रेवर आलेले असते. वृद्धात उलट, अर्ध्यावर काम भागते. मूत्रपिंड मंदावलेले असल्यास लेव्हेटिरासिटाम कमी करावे लागते, आणि कार्बामाझेपीनने रक्तातील सोडियम घटून येणारी भ्रमिष्टता ही वयाची म्हणून दुर्लक्षिली जाते.

आपल्या देशात क्षयरोग इतका सर्वत्र पसरलेला आहे की त्याच्या औषधांचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा अपुरा राहील. रिफाम्पिसीन यकृतातील एंझाइमांना चेतविते आणि फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, लॅमोट्रिजीन यांचे प्रमाण खाली आणते. त्याच उपचारातील आयसोनियाझिड मात्र फेनिटॉइन व कार्बामाझेपीन यांचा नाश अडवून त्यांचे प्रमाण वर नेते, आणि ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड उपजतच सावकाश निघते त्यांच्यात अधिकच. दोन्ही एकत्र चालू असता काय होईल हे आधी सांगता येत नाही, आणि सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार संपला की तराजू पुन्हा पालटतो, ही गोष्ट तर पुष्कळदा कोणाच्याच ध्यानात नसते. घसा दुखतो म्हणून घेतलेले क्लॅरिथ्रोमायसीन कार्बामाझेपीनचे प्रमाण दोन-तीन दिवसांत चढविते. अतिदक्षता विभागात दिलेले मेरोपेनेम व्हॅल्प्रोएटचे प्रमाण एका दिवसात कोसळविते, आणि तेथे मात्रा वाढवूनही काही साधत नाही, औषधच बदलावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत मात्रेचा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. युरॅप या आंतरराष्ट्रीय गर्भारपण-नोंदवहीने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, गर्भधारणेच्या वेळी रोज ७०० मिलीग्रॅमपेक्षा कमी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या अपत्यांत मोठ्या जन्मजात व्यंगाचे प्रमाण शेकडा साडेपाचाच्या आसपास होते, आणि १,५०० मिलीग्रॅम वा अधिक घेणाऱ्यांत ते शेकडा २४ पर्यंत गेले. रोज ३०० मिलीग्रॅमच्या आत लॅमोट्रिजीन घेणाऱ्यांत ते शेकडा दोन होते. मुलाच्या बुद्धीवर होणारा व्हॅल्प्रोएटचा परिणामही मात्रेनुसार वाढतो. म्हणून मात्रेचा हा विचार गर्भ राहण्यापूर्वी व्हावयास हवा. पाळी चुकल्यावर घाबरून औषध एकदम बंद करणे हे माता व गर्भ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. लॅमोट्रिजीनची आणखी एक खोड अशी की, गर्भारपणात त्याचा निचरा दुपटीहून अधिक वाढू शकतो, त्यामुळे महिन्याच्या महिन्याला प्रमाण पाहून मात्रा चढवावी लागते, आणि बाळंत होताच पहिल्या काही दिवसांत ती उतरवावी लागते, नाही तर चक्कर येणाऱ्या आईच्या हातात तान्हे मूल असते.

या संदर्भात एक सामाजिक गोष्ट बोलणे भाग आहे. हिंदु विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ साली वगळण्यात आला. तोपर्यंत वारंवार येणाऱ्या फिटा हे विवाहाला कायदेशीर व्यंग होते. कायदा बदलला, पण लग्न जुळविताना मुलीचा रोग लपविण्याची रीत गेलेली नाही, आणि लग्नानंतर ती मुलगी सासरच्या घरात सर्वांचा डोळा चुकवून गोळी घेते, किंवा घेतच नाही. माहेरी दोन वर्षे फिटेवाचून राहिलेली ही मुलगी सासरी पहिल्या महिन्यात पडते, तेव्हा अजाण वैद्य मात्रा वाढवितो. तेथे वाढवावयाचे काहीच नसते. कमीत कमी वेळा घ्यावे लागणारे औषध निवडणे, रात्रीची एकच मात्रा करता येते का हे पाहणे, आणि नवऱ्याला विश्वासात घेण्यास तिला साह्य करणे, हाच तेथील मात्रानिर्णय होय.

फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र सावकाशीचे सर्व नियम बाजूला राहतात. तेथे चूक बहुधा कमी देण्याची होते. नाकात मारावयाच्या मिडॅझोलॅमची मात्रा किलोमागे ०·२ मिलीग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ३ मिलीग्रॅम, आणि घरी दिलेल्या फवाऱ्याच्या एका दाबात अर्धा मिलीग्रॅम निघत असेल तर दोन्ही नाकपुड्यांत मिळून सहा दाब. घाबरलेला बाप एक दाब देऊन वाट पाहतो. ही संख्या मुलाच्या वजनाप्रमाणे फवाऱ्यावरच चिकटवून ठेवावी. रुग्णालयात पोहोचल्यावर शिरेतून द्यावयाच्या पुढच्या औषधांची तुलना अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केली गेली; किलोमागे लेव्हेटिरासिटाम ६०, फॉसफेनिटॉइन २० व व्हॅल्प्रोएट ४० मिलीग्रॅम या मात्रांनी तिन्ही गटांत जवळजवळ निम्म्या रोग्यांची आकडी थांबली.

राहता राहिला तो मात्रा उतरविण्याचा प्रश्न. दोन वर्षे वा अधिक काळ फिटेवाचून गेलेल्या १,०१३ रोग्यांची ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. औषध चालू ठेवलेल्यांपैकी शेकडा ७८ आणि हळूहळू बंद केलेल्यांपैकी शेकडा ५९ रोगी पुढील दोन वर्षे फिटेवाचून राहिले. हे दोन आकडे रोग्यासमोर ठेवले तर वाहन चालवून पोट भरणारा मनुष्य बहुधा औषध चालू ठेवील, आणि ज्या मुलाचा अपस्मार वयाबरोबर ओसरणाऱ्या प्रकारचा आहे त्याचे आईबाप ते बंद करून पाहतील. एका वेळी एकच औषध उतरवावे, आणि तेही महिन्यांच्या मुदतीने. फेनोबार्बिटल आणि क्लोबाझॅम ही तर विशेष सावकाश, कारण शरीराला त्यांची सवय झालेली असते व ती झटकन काढल्यास फिटांची माळ लागू शकते. उतरण्याच्या काळात जागरण, दूरचा प्रवास, परीक्षा हे टाळता आले तर टाळावे, घरात नाकाचा फवारा असावा, आणि फिट आलीच तर ज्या पायरीवर ती आली तिच्या वरच्या पायरीवर परत जावे. अशा बहुतेकांच्या फिटा जुन्या मात्रेवर पुन्हा आटोक्यात येतात, मात्र त्यासाठी किती मात्रेवरून किती मात्रेवर कोणत्या तारखेला आलो, हे नोंदवहीत लिहिलेले असावे लागते.